डेल्टा अँटिजेन कुठे दडतं: लिव्हरच्या तुकड्यात आणि रक्तात ते शोधण्याची नवोदितांसाठी वाट

प्रयोगशाळेत नवीन कोणी आलं आणि हिपॅटायटिस डेल्टाचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किट कुठलं वापरायचं?" प्रश्न चुकीचा नाही, घाईचा आहे. आधी विचारायचं ते असं, की हे अँटिजेन या नमुन्यात असेलच तर ते कशाच्या आड बसलेलं असेल? रक्तात ते दुसऱ्याच विषाणूच्या आवरणात असतं. आवरण फोडलं तरी पेशंटच्या स्वतःच्या अँटिबॉडीजनी त्याला वेढलेलं असू शकतं. लिव्हरच्या पेशीत ते उघड्यावर असतं, पण तिथे त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं अँटिजेन भेटतं आणि फसवतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या लपाछपीतून निघालेल्या आहेत.

आधी ओळख

डेल्टा हा अर्धवट विषाणू. त्याचा आरएनए गोल, एकेरी आणि जेमतेम १,७०० अक्षरांचा. माणसाला बाधणाऱ्या विषाणूंमध्ये इतका छोटा जीनोम दुसऱ्या कुणाचा नाही. त्यात एकाच प्रथिनाची कृती लिहिलेली आहे, ते म्हणजे डेल्टा अँटिजेन. स्वतःचं आवरण बनवायची सोय नाही, म्हणून तो हिपॅटायटिस बीच्या सरफेस अँटिजेनचा कोट उसना घेतो. स्वतःचा पॉलिमरेजही नाही. आरएनएच्या प्रती काढायला तो आपल्याच पेशीचं यंत्र राबवून घेतो. बीवर दिली जाणारी टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिरसारखी औषधं बीच्या पॉलिमरेजला अडवतात, त्यामुळे डेल्टाचं त्यांच्याने फारसं काही बिघडत नाही.

अँटिजेनची रूपं दोन: छोटं १९५ अमिनो आम्लांचं, सुमारे २४ किलोडाल्टन; मोठं २१४ अमिनो आम्लांचं, सुमारे २७ किलोडाल्टन. छोटं विषाणूची वाढ चालवतं, मोठं ती आवरून माल कोटात भरायला लावतं. फरक शेपटीच्या १९ अमिनो आम्लांचा, बाकी मजकूर तोच. म्हणून स्लाइडवर साध्या अँटिबॉडीने दोन्ही एकसारखीच रंगतात. वेगळी पाहायची तर वेस्टर्न ब्लॉटच लागतो, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत.

शोधाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातच पुढचा धडा आहे. इटलीतल्या तुरिनमध्ये मारिओ रिझेट्टो हे हिपॅटायटिस बीच्या पेशंटच्या बायॉप्सी इम्युनोफ्लुरोसन्सने, म्हणजे चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडीने, पाहत होते. काही लिव्हरमध्ये पेशींची केंद्रकं झकास चमकत. बीचं कोअर अँटिजेनही केंद्रकातच असतं, तेव्हा ते कोअरच असणार असं कुणालाही वाटलं असतं. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या केंद्रकांत कोअरचे कण दिसेनात. १९७७ साली त्यांनी ही नवी अँटिजेन-अँटिबॉडी जोडी जाहीर केली. तेव्हा ते बीचंच एखादं नवं अँटिजेन समजलं गेलं. पुढे अमेरिकेत चिंपांझींवर प्रयोग झाले आणि १९८० पर्यंत कळलं, की हा वेगळाच संसर्गजन्य घटक आहे, साधारण ३६ नॅनोमीटरच्या कणात बसलेला आणि बीच्या कोटात गुंडाळलेला. कोअर की डेल्टा, हा तुरिनचा प्रश्न प्रत्येक नव्या स्लाइडवर पुन्हा उभा राहतो.

पायरी १: तपासणी कुणाची करायची

एचबीएसएजी, म्हणजे बीचं सरफेस अँटिजेन, निगेटिव्ह असेल तर डेल्टाच्या मागे लागण्यात सहसा अर्थ नाही. पॉझिटिव्ह असेल तर आधी रक्तात एकूण अँटी-डेल्टा अँटिबॉडी, ती पॉझिटिव्ह आली की आरएनएची पीसीआर. हा आजचा रिवाज आहे आणि योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत एचबीएसएजी पॉझिटिव्ह नमुन्यावर डेल्टाची तपासणी आपोआप लावण्याचा आग्रह धरला आहे. जगभरातल्या जुनाट हिपॅटायटिस बीच्या पेशंटपैकी सुमारे ५ टक्क्यांना डेल्टा असतो असा त्यांचा अंदाज. मंगोलिया, मोल्दोव्हा, पश्चिम आणि मध्य आफ्रिका इथे तो जास्त. आपल्याकडे कमी आढळतो, आणि म्हणूनच आपल्याकडच्या पॉझिटिव्हकडे जरा संशयानेच पाहायचं. आजार दुर्मीळ असला की खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण वाढतं, हे साधं गणित आहे.

मग अँटिजेन कधी शोधायचं? तीन प्रसंगी. बायॉप्सी आधीच हातात आहे आणि बी शांत दिसत असूनही लिव्हर धगधगतंय. कावीळ नुकतीच सुरू झालीय आणि अँटिबॉडी अजून उगवलेली नाही. किंवा पीसीआर आणि पेशंटची तब्येत यांचा मेळ बसत नाही. एकट्या डेल्टासाठी कुणाच्या लिव्हरला सुई लावायची नाही, हे मात्र पक्कं धरा.

पायरी २: स्वतःला आणि नमुन्याला जपा

डेल्टाचा प्रत्येक नमुना हा बीचाही नमुना असतो. लस घेतलीय ना, अँटिबॉडीची पातळी १० मिलियुनिटच्या वर आहे ना, हे कामाला हात लावायच्या आधी बघा. वाळलेल्या रक्तात बीचा विषाणू साध्या तापमानाला किमान ७ दिवस तग धरतो, म्हणून बाकावरचा तो "जुना" डाग जुना समजायचा नाही. लसीचा एक जास्तीचा फायदा असा, की बी झालाच नाही तर डेल्टाला कोटच मिळत नाही.

रक्त: अँटिबॉडी आणि अँटिजेनसाठी सीरम चालतं. आरएनएसाठी ईडीटीए प्लाझ्मा घ्या. हेपारिनची नळी पीसीआर बिघडवते. काही तासांत वेगळं करून छोट्या छोट्या कुप्यांत उणे ७० अंशांना ठेवा. छोट्या कुप्यांचा कंटाळा करू नका. एकच मोठी कुपी चार वेळा वितळली की तिच्यातल्या आरएनएचा भरवसा संपला.

बायॉप्सी: सुई बाहेर आली की डॉक्टर सवयीने सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. इम्युनोफ्लुरोसन्स करायचं असेल तर तुम्ही आदल्या दिवशीच जाऊन सांगायला हवं, की २-३ मिलिमीटर कोरडा द्या. तो सलाइनने जेमतेम ओलावलेल्या गॉजवर न्यायचा, ओसीटी जेलमध्ये बसवायचा आणि द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये बुडवायचा. नुसता फ्रीझरमध्ये ठेवून सावकाश गोठवला तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि सेक्शन जाळीसारखं दिसतं. जाळीत केंद्रक कुठलं आणि भोक कुठलं हे ओळखता येत नाही.

पायरी ३: गोठवलेल्या तुकड्यावर फ्लुरोसन्स

जुनी पद्धत, पण शिकायला अजून हीच उत्तम. क्रायोस्टॅट (गोठवलेला तुकडा कापायचं यंत्र) उणे २० च्या आसपास, सेक्शन ४-५ मायक्रॉन, थंड ॲसिटोनमध्ये १० मिनिटं, मग वाऱ्यावर सुकवणं. त्यावर फ्लुरोसीन जोडलेली अँटी-डेल्टा थेंबभर, झाकणाच्या डब्यात ओला कागद ठेवून ३७ अंशांना अर्धा तास. पीबीएसने (मिठाच्या बफरने) प्रत्येकी पाच मिनिटांचे तीन वॉश. बफर घातलेल्या ग्लिसरॉलमध्ये कव्हरस्लिप लावा आणि लगेच पाहा. चहा पिऊन येईतो चमक ओसरते.

इथे माझी एक फजिती सांगतो. सुरुवातीला फ्लुरोसीन जोडलेली अँटी-डेल्टा हाताशी नव्हती, म्हणून मी दोन टप्प्यांची युक्ती केली: आधी डेल्टाच्या पेशंटचं सीरम, मग त्यावर चमकणारी अँटी-ह्यूमन आयजीजी. स्लाइड लावली तर दिवाळीच! सायन्युसॉइडच्या रेषा हिरव्या, पोर्टल भागातल्या प्लाझ्मा पेशी हिरव्या, सगळंच हिरवं. कारण उघड होतं. लिव्हर माणसाचं, म्हणजे त्यात माणसाचं आयजीजी ठासून भरलेलं, आणि माझी दुसरी अँटिबॉडी त्यालाच जाऊन चिकटत होती. माणसाच्या लिव्हरवर माणसाची अँटिबॉडी वापरायची तर तिलाच थेट रंग जोडायचा. नाहीतर सशातली किंवा उंदरातली घ्यायची.

दुसरा सापळा याहून खोल आहे. डेल्टाच्या पेशंटच्या सीरममध्ये अँटी-डेल्टा असते तशी अँटी-कोअरही जवळपास नेहमीच असते, बीचा संसर्ग असल्याशिवाय डेल्टा होतच नाही म्हणून. अशा सीरमपासून बनवलेल्या अँटिबॉडीने केंद्रक रंगलं, तर तुम्ही डेल्टा पाहताय की कोअर? म्हणून बाटली उघडण्याआधी दोन गोष्टी: अँटी-कोअर शोषून काढलीय का ते कागदपत्रांत वाचा, आणि कोअर पॉझिटिव्ह पण डेल्टा निगेटिव्ह अशा लिव्हरवर ती लावून बघा. तिथे केंद्रक रंगलं तर बाटली बाद.

पायरी ४: पॅराफिन ब्लॉकवर पेरॉक्सिडेज

बहुतेक ठिकाणी गोठवलेला तुकडा मिळत नाही, फॉर्मॅलिनचा ब्लॉक मिळतो. हरकत नाही. डेल्टा अँटिजेन फॉर्मॅलिन सोसतं. फक्त फॉर्मॅलिनने प्रथिनांना घातलेल्या गाठी सोडवाव्या लागतात.

३-४ मायक्रॉनचं सेक्शन चार्ज केलेल्या स्लाइडवर घ्या. साध्या काचेवर घेतलं तर उकळताना तरंगून जातं आणि मग भांड्याच्या तळाशी शोधत बसावं लागतं. झायलीनने मेण काढा, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत या. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, म्हणजे लाल पेशींमधलं स्वतःचं पेरॉक्सिडेज गप्प होतं. मग गाठी सोडवणं: एकतर पीएच ६ च्या सिट्रेट बफरमध्ये उष्णता, नाहीतर ट्रिप्सिनसारखं एन्झाइम. दोन्हींपैकी काय, हे तुमच्या अँटिबॉडीवर ठरतं. दोन्ही करून बघा आणि चांगलं आलेलं वहीत लिहून ठेवा. एन्झाइम जास्त वेळ ठेवलं की केंद्रकाच्या कडा विरघळतात, आणि केंद्रकच गेलं तर पाहायचं काय?

पुढे ब्लॉकिंग, पहिली अँटिबॉडी, वॉश, पेरॉक्सिडेज जोडलेली दुसरी, वॉश, डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन), फिकट हिमॅटॉक्सिलीन. फिकट हा शब्द अधोरेखित करा. नवीन मंडळी हिमॅटॉक्सिलीन सढळ हाताने देतात, आणि गडद निळ्याच्या आत हलका तपकिरी पूर्ण बुडतो. शोध केंद्रकातला आहे, तेव्हा केंद्रक रंगवायची घाई नको.

दुसरी अँटिबॉडी पॉलिमर पद्धतीची घ्या. अव्हिडिन-बायोटिनची जुनी किटं अजून फ्रिजमध्ये पडलेली असतात, पण लिव्हरमध्ये बायोटिन मुळातच भरपूर. अव्हिडिन त्यालाच जाऊन चिकटतं आणि पेशीरस (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग) दाणेदार तपकिरी होतो. तीच किट वापरायची वेळ आली तर बायोटिन ब्लॉक करणारी पायरी चुकवू नका.

अँटिबॉडी किती पातळ करायची हे कंपनीच्या कागदावरून घेऊ नका. १:५०, १:१००, १:२००, १:४००, १:८०० अशा पाच स्लाइडा पॉझिटिव्ह कंट्रोलवर लावा. केंद्रक स्पष्ट आणि मागची जमीन स्वच्छ, अशी सगळ्यात पातळ निवडा.

पॉझिटिव्ह कंट्रोल आणायचा कुठून, हे आपल्याकडचं खरं दुखणं. डेल्टाचं लिव्हर रोज येत नाही. मोठ्या संशोधन केंद्राकडून ब्लॉकची काही सेक्शनं मागून घेता येतात. नाहीतर डेल्टा अँटिजेन बनवणाऱ्या पेशी कल्चरमध्ये वाढवून, त्यांची गोळी फॉर्मॅलिनमध्ये घालून तिचा ब्लॉक करता येतो. कंट्रोल नसताना लावलेली स्लाइड मी वाचतच नाही. कुणी कितीही घाई केली तरी.

पायरी ५: स्लाइड वाचणं

आधी साधी एच-अँड-ई (हिमॅटॉक्सिलीन-इओसिनने रंगवलेली स्लाइड) बघा, पण तिच्यावर डेल्टाचा निकाल देऊ नका. काचेसारखा धुरकट पेशीरस दिसला तर तो बीच्या सरफेस अँटिजेनचा, शिकाटाच्या ऑर्सीन रंगाने तोच तपकिरी होतो. वाळू पसरल्यासारखी केंद्रकं कोअरमध्ये दिसतात तशी डेल्टातही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात लाब्रेया तापात, म्हणजे तिथल्या जीनोटाइप ३ च्या डेल्टात, पेशी चरबीच्या बारीक थेंबांनी भरून तुतीच्या फळासारखी दिसते. आपल्याकडे ते चित्र शोधत बसू नका.

आता रंगवलेली स्लाइड. आधी पॉझिटिव्ह कंट्रोल, मग निगेटिव्ह, मग पेशंट. हा क्रम मोडू नका. तुम्हाला हवंय ते लिव्हरच्या पेशीचं केंद्रक, अख्खं किंवा बारीक दाणेदार तपकिरी. कधी पेशीरसात पुसट छटा असते, पण केंद्रक रिकामं आणि नुसता रसच तपकिरी असेल तर डेल्टा म्हणू नका. लिव्हरच्या पेशींमधल्या बारीक पित्तमार्गांच्या कडेला दाट सोनेरी-तपकिरी ठिपके दिसले तर ते लिपोफ्युसिन, वयाचं रंगद्रव्य. फ्लुरोसन्समध्येही ते आपणहून पिवळसर चमकतं. लोह आणि पित्तही तपकिरीच. ओळखायची सोपी खूण अशी, की पहिली अँटिबॉडी न लावलेल्या शेजारच्या सेक्शनमध्येही ते तसंच्या तसं असतं.

मग लगतच्या सेक्शनवर कोअरचा स्टेन लावा. डेल्टा बऱ्याचदा बीला दाबून टाकतो, म्हणून डेल्टाने भरलेल्या लिव्हरमध्ये कोअर थोडं किंवा अजिबात नसतं. दोन्ही स्टेनमध्ये तीच केंद्रकं तितकीच रंगली तर आनंद नको, अँटिबॉडी तपासा.

पॉझिटिव्ह पेशी मोजताना एक-दोन क्षेत्रांवर थांबू नका. डेल्टाचं वाटप सारखं नसतं. एका कोपऱ्यात झुंबड, बाजूला शुकशुकाट. सिऱ्होसिस जुना झाला की अँटिजेन कमी होत जातं. दीड सेंटिमीटरच्या सुईच्या तुकड्यात शून्य आलं, तर तेवढ्याच तुकड्यात शून्य.

पायरी ६: रक्तातलं अँटिजेन

नवी माणसं इथेच सगळ्यात जास्त हताश होतात: लिव्हर पॉझिटिव्ह, आरएनए लाखांत, आणि अँटिजेनची एलायझा (प्लेटवर चिकटवलेल्या अँटिबॉडीने अँटिजेन पकडणारी चाचणी) निगेटिव्ह. यंत्र बिघडलेलं नसतं.

पहिला पडदा कोटाचा. कणाच्या बाहेर सरफेस अँटिजेन, आत डेल्टा. प्लेटवरच्या अँटिबॉडीला आतलं दिसत नाही. म्हणून सीरममध्ये आधी सौम्य डिटर्जंट घालून कोट फोडावा लागतो. किटमध्ये तो असतोच, पण साबणाच्या फेसाला घाबरून कुणी ती बाटली हलवतच नाही. तळाशी बसलेला डिटर्जंट काही फोडणार नाही. फेस न करता उलटसुलट करा.

दुसरा पडदा अँटिबॉडीचा. ताज्या संसर्गात सुरुवातीचे थोडे दिवस अँटिजेन रक्तात मोकळं असतं, त्या खिडकीत एलायझा ते पकडते. मग पेशंटच्या अँटिबॉडीज उगवतात आणि अँटिजेनच्या प्रत्येक मोकळ्या जागेवर बसतात. जुनाट पेशंटमध्ये विषाणू रोज बाहेर पडतोय, पण तुमच्या प्लेटला धरायला जागाच उरलेली नाही. एलायझाचं निगेटिव्ह जुनाट आजारात जवळपास काहीच सांगत नाही.

हा पडदा वेस्टर्न ब्लॉट फाडतो. सीरममधले कण गोळा करून एसडीएस आणि मर्कॅप्टोइथेनॉलमध्ये उकळले की अँटिबॉडी आणि अँटिजेन दोघांचीही घडी मोडते, मिठी सुटते. १२ टक्के जेल, नायट्रोसेल्युलोजवर उतरवणं, मग अँटी-डेल्टा. २४ आणि २७ वर दोन पट्ट्या.

आता इथली गंमत बघा. पेशंटची अँटिबॉडीही त्याच जेलमध्ये उकळलीय. तिची लाइट चेन साधारण २५ किलोडाल्टनची, म्हणजे नेमकी आपल्या दोन पट्ट्यांच्या मधोमध! दुसरी अँटिबॉडी अँटी-ह्यूमन असेल तर ही लाइट चेन ढबू पट्टी होऊन उजळते आणि माणूस "डेल्टा पॉझिटिव्ह" लिहून मोकळा होतो. ओळखायचं कसं? वर ५० च्या जागी हेवी चेन तशीच उजळलेली असते, आणि डेल्टा नसलेल्या माणसाच्या सीरममध्येही तेच चित्र दिसतं. उपाय तिसऱ्या पायरीतलाच: अँटी-डेल्टालाच थेट एन्झाइम जोडा.

रोजच्या कामात मात्र वेस्टर्न कुणी लावत नाही, आरएनएची पीसीआर लावतात, आणि तेच बरं. तिथलं एकच सांगतो. डेल्टाचा आरएनए स्वतःवर दुमडून काठीसारखा ताठ होतो, म्हणून रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनआधी तो गरम करून उलगडायची जी पायरी प्रोटोकॉलमध्ये असते, ती वेळ वाचवायला गाळू नका. आकडे २०१३ मध्ये ठरलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाशी जोडलेल्या आंतरराष्ट्रीय युनिटमध्येच द्या. ब्युलेव्हर्टाइड या डेल्टावरच्या औषधावर असलेल्या पेशंटचा आरएनए शंभरपट उतरला का, हे डॉक्टर त्याच आकड्यावरून ठरवतात. मधेच प्रयोगशाळा बदलली तर तुलना कोलमडते.

पायरी ७: अहवाल

"डेल्टा अँटिजेन निगेटिव्ह" एवढंच लिहून पाठवू नका. लिव्हरसाठी असं लिहा: तुकडा किती लांब, किती पोर्टल भाग, कुठली अँटिबॉडी, कंट्रोल चालले का, किती पेशींची केंद्रकं पॉझिटिव्ह, आणि कोअरचा निकाल काय. रक्तासाठी, कावीळ सुरू झाल्यापासून कितव्या दिवसाचा नमुना, हे पेशंटला किंवा वॉर्डच्या सिस्टरला फोन करून विचारा. दुसऱ्या दिवसाचं निगेटिव्ह आणि दुसऱ्या महिन्याचं निगेटिव्ह यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पॉझिटिव्ह असेल तर सोबत कोअरची आयजीएम अँटिबॉडी करायला सुचवा. ती ठळक पॉझिटिव्ह असेल तर बी आणि डेल्टा एकदमच आले. असे बहुतेक जण बरे होतात, ५ टक्क्यांहून कमी जुनाट होतात. ती नसेल तर बीच्या जुन्या घरात डेल्टा नंतर घुसला, आणि तसं झालेल्यांपैकी साधारण ८० टक्क्यांमध्ये तो ठाण मांडतो. त्या पेशंटला लिव्हरच्या तज्ज्ञाकडे लवकर पाठवायचं असतं. म्हणून असा निकाल ईमेलवर सोडू नका, फोन करा.

आणि उरलेला ब्लॉक, उरलेल्या कुप्या फेकायच्या नाहीत. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधीच घेऊन ठेवा, तारीख आणि क्रमांक घालून उणे ७० च्या वेगळ्या डब्यात ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलामुलींना पॉझिटिव्ह कंट्रोल तिथूनच मिळणार आहे.